मतपत्रिकेवरचं दुसरं नाव

बे_एरियाकर

२०२० चा ऑक्टोबर. करोनामुळे कॅलिफोर्नियात सगळ्याच मतदारांना टपालानं मतपत्रिका पाठवल्या होत्या, तशी आमचीही आली. आई त्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आलेली, ती विमानं बंद झाल्यानं अडकून पडली होती. मी ती लांबलचक पत्रिका जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो होतो, ती समोर मेथी निवडत होती. निवडता निवडता उलट्या बाजूनंच नावं वाचायला लागली आणि मध्येच थांबली. "अरे, हा तो गाणीवाला ना? त्या किमचा नवरा?"

बघतो तर खरंच. राष्ट्राध्यक्षपदासाठी रोके दे ला फुएन्ते, उपाध्यक्षपदासाठी कान्ये वेस्ट. पक्ष: अमेरिकन इंडिपेंडंट.

आता गंमत अशी की हा बाबा तेव्हा स्वतःच राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता. १२ राज्यांत त्याचं नाव वर आणि मिशेल टिडबॉल या बाईंचं खाली. कॅलिफोर्नियात मात्र तो दुसऱ्याच माणसाच्या खाली, दुसऱ्याच पक्षातून. आणि या जोडीला इथे ६०,००० मतं पडली!

पक्षाचीही कथा आहे. १९६८ मध्ये अलाबामाचा जॉर्ज वॉलेस ज्या वर्णद्वेष्ट्या तिकिटावर लढला त्याचं हे उरलेलं शेपूट. आज त्याच्या यादीत जे मतदार आहेत त्यातल्या बऱ्याच जणांना आपण एखाद्या पक्षात आहोत हेच ठाऊक नसतं. नोंदणीच्या फॉर्मवर ‘इंडिपेंडंट’ शब्द दिसला, वाटलं म्हणजे अपक्ष, केली खूण.

आईला मी समजावलं की इथे दोघांना मिळून एकच मत द्यायचं असतं, दुसरं नाव नुसतं बरोबर असतं. ती म्हणाली, "म्हणजे डमी."

मी आधी हसलो. पण नंतर वाचत गेलो तसं कळलं, बाई बरोबर बोलली. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीपासून निर्वाचक (राज्याराज्यातले प्रतिनिधी, राष्ट्राध्यक्ष शेवटी त्यांच्या मतांनी ठरतो) दोन पदांसाठी दोन वेगळी मतं देतात, म्हणून तिकिटावर दोन नावं हवीत. मोठ्या पक्षांचं ठीक आहे. छोट्या पक्षाला किंवा अपक्षाला प्रत्येक राज्यात सह्या गोळा करून पत्रिकेवर जागा मिळवावी लागते, आणि कित्येक राज्यांत सह्यांच्या कागदावर सुरुवातीलाच उपाध्यक्षाचं नाव लागतं. जोडीदार ठरलेला नसला तर? मित्राचं नाव घाला, पुढचं पुढे. २०२४ मध्ये रॉबर्ट केनेडी ज्युनियरचे नेवाडातले कागद याच कारणावरून अडले होते.

या पद्धतीचा सगळ्यात करुण बळी म्हणजे अॅडमिरल जेम्स स्टॉकडेल. १९९२. अब्जाधीश उद्योगपती रॉस पेरोनं राष्ट्राध्यक्षपदासाठी अपक्ष लढायचं ठरवलं, कागदांसाठी नाव हवं म्हणून जुन्या ओळखीच्या स्टॉकडेलना विचारलं. तात्पुरतं. जुलैत पेरोनं माघार घेतली, १ ऑक्टोबरला परत आला. तोवर नाव बदलायची वेळ निघून गेलेली. १३ ऑक्टोबरला अटलांटात उपाध्यक्षपदाची वादफेरी. एका बाजूला रिपब्लिकन डॅन क्वेल, दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅट अल गोर, दोघंही पढवून तयार. मध्ये पांढऱ्या केसांचे स्टॉकडेल. पहिलंच वाक्य: "मी कोण आहे? मी इथे का आलोय?" सभागृह हसलं. त्यांना तो तत्त्वज्ञानाच्या वर्गातला प्रश्न म्हणायचा होता, कारण ते प्राचीन तत्त्वज्ञ एपिक्टेटसचे भक्त. लोकांना वाटलं म्हातारा वाट चुकला. पुढे एकदा प्रश्न परत विचारा म्हणाले, कानातलं यंत्र बंद होतं म्हणून. आठवडाभर टीव्हीवर तेच.

आणि माणूस कसला? १९६५ मध्ये व्हिएतनामवर विमान पडलं, साडेसात वर्षं हनोईच्या तुरुंगात. प्रचाराच्या चित्रफितीत आपला वापर होऊ नये म्हणून यानं वस्तऱ्यानं स्वतःचं डोकं कापून घेतलं, मग स्टुलानं तोंड ठेचून घेतलं. लष्करातलं सर्वोच्च पदक मिळालेला माणूस, आणि देशाच्या लक्षात राहिला तो कानातल्या यंत्रासाठी.

तर असे ‘दुसऱ्या नावाचे’ लोक कुणाला माहीत असतील तर इथे टाका.

चिंगी७

दंडवत! काकूंना जास्त. स्टॉकडेलची ती फीत मी हसत हसत पाहिली होती पूर्वी. आता वाईट वाटतंय.

घाटावरचा

डमी शब्दाला माझा थोडा आक्षेप. आपल्याकडे डमी फॉर्म भरतो तो मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत उडाला तर जागा हातची जाऊ नये म्हणून. अर्ज वैध ठरला की डमीचा बाद होतो किंवा तो मागे घेतो, मग मांडवात खुर्च्या लावतो. मी स्वतः झेडपीला एकदा पाहुण्यांचा डमी होतो, खर्च त्यांचा, चहा माझा. तिथला डमी मात्र छापला जातो आणि अडकतो.

२०१६ चा इव्हान मॅकम्युलिन आठवा. ट्रंप नको म्हणणाऱ्या रिपब्लिकनांचा अपक्ष. खरी जोडीदार मिंडी फिन. पण तिचं नाव ठरेपर्यंत कागद गेलेले, त्यामुळे कित्येक राज्यांत तिच्याऐवजी भलत्याच माणसाचं नाव छापून आलं. लोकांनी मत दिलं ते कुणाला, विचारू नका.

जुनी_पेटी

धागा आवडला, पण सगळ्यांना ‘डमी’च्या टोपलीत टाकू नका. मला या दुसऱ्या नावांत उलटंच काही दिसतं. मोठ्या पक्षांनी ज्यांना दारातही उभं केलं नसतं, ती माणसं इथे फार आधी आली.

१८८४ घ्या. बायकांना मतदानाचा हक्क नाही. वॉशिंग्टनच्या वकील बेल्व्हा लॉकवूड, सुप्रीम कोर्टात वकिली करायची परवानगी मिळवणारी पहिली बाई, इक्वल राइट्स पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. जोडीला सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅरिएटा स्टो. नवऱ्यामागे इस्टेट हातची गेली, तेव्हापासून बाई विधवांच्या वारसाहक्कासाठी हात धुऊन मागे लागलेली, स्वतःचं वर्तमानपत्र चालवणारी. स्वतः मत देऊ शकत नव्हती, पण तिला मत द्यायला कायद्याची आडकाठी नव्हती! जेराल्डिन फेरारोला डेमोक्रॅट पक्षानं उपाध्यक्षपदासाठी उभं केलं ते १९८४ मध्ये. बरोबर १०० वर्षं.

त्याच्याही आधी, १८७२ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या व्हिक्टोरिया वुडहलच्या जोडीला त्याच नावाच्या पक्षानं फ्रेडरिक डग्लसचं नाव जाहीर केलं. गुलामगिरीतून पळून आलेला, देशातला सगळ्यात मोठा काळा नेता. फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं दखलही घेतली नाही, तो राष्ट्राध्यक्ष ग्रँटचा प्रचार करत फिरत होता. बरं, राष्ट्राध्यक्ष व्हायला वय ३५ लागतं, वुडहलचं तेवढं भरत नव्हतं, आणि मतदानाच्या दिवशी ती न्यूयॉर्कच्या लडलो स्ट्रीट तुरुंगात होती. असो.

माझ्या मनातलं नाव शार्लोटा बास. लॉस एंजलिसच्या ‘कॅलिफोर्निया ईगल’ या काळ्यांच्या वृत्तपत्राची मालक-संपादक, सुमारे ४० वर्षं. घरं विकताना ‘काळ्यांना विकणार नाही’ अशा अटी घालत, त्याविरुद्ध ती लढली. १९५२ मध्ये प्रोग्रेसिव्ह पक्षानं तिला उपाध्यक्षपदासाठी उभं केलं, पहिली काळी स्त्री. वरचं नाव व्हिन्सेंट हॅलिनन, पेशानं वकील. तो कामगार नेता हॅरी ब्रिजेसचा खटला लढवताना कोर्टाचा अवमान केला म्हणून सहा महिने आत. म्हणजे प्रचाराच्या सुरुवातीला गाडा बाईनंच ओढला. मतं १,४०,०००. तिचं म्हणणं साधं होतं: जिंको वा हरो, प्रश्न मांडले की आपण जिंकलो. २०२० मध्ये उपाध्यक्षपदासाठी कमला हॅरिसचं नाव पुढे आलं तेव्हा बासची आठवण काढणारे लेख आले. मध्ये ६८ वर्षं गेली होती.

शंकासुर

छान छान. पण प्रश्न मांडण्यासाठी पत्रक छापा, सभा घ्या. पडणार हे पक्कं माहीत असताना उभं राहायचं कशाला? आपल्याकडे निदान डिपॉझिट जप्त होतं म्हणून चार लोक मागे सरतात.

बे_एरियाकर

@शंकासुर, एका माणसाचं उत्तर तयार होतं: पैसा. १९८०, लिबर्टेरियन पक्ष (सरकारनं कमीत कमी ढवळाढवळ करावी म्हणणारा), वर एड क्लार्क, खाली डेव्हिड कोक. हो, तोच कोक इंडस्ट्रीजवाला अब्जाधीश. निक्सनच्या वॉटरगेट घोटाळ्यानंतरच्या कायद्यानं एका माणसानं उमेदवाराला १,००० डॉलरहून जास्त द्यायचे नाहीत असं ठरलेलं. पण १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की उमेदवारानं स्वतःच्या प्रचारावर स्वतःचे कितीही उडवावेत. कोकला राष्ट्राध्यक्ष व्हायचं नव्हतं, देणगी द्यायची होती. मग तो स्वतःच उमेदवार झाला! सुमारे २० लाख डॉलर घातले, ५० च्या ५० राज्यांत नाव लागलं, ९,२०,००० च्या आसपास मतं, म्हणजे एक टक्का. पळवाट म्हणून उपाध्यक्षपद. आहे की नाही?

घाटावरचा

साखर कारखान्याच्या निवडणुकीतले लोक हे वाचत असतील तर कृपया नोंद घ्यावी. (हलके घ्या.)

आयोवातला_मका

मला एक नैसर्गिक कायदेवाला पक्ष आठवतो. खरंच तसं नाव, नॅचरल लॉ पार्टी. १९९२ मध्ये आयोवातल्या फेअरफिल्ड गावात निघाला. मी तिथून दोन तासांवर शिकायला होतो, एकदा मुद्दाम बघायला गेलो. चहूकडे मका आणि मधोमध दोन सोनेरी घुमट, एक पुरुषांसाठी, एक बायकांसाठी. आत लोक ध्यानाला बसतात. महर्षी महेश योगींचं विद्यापीठ. जबलपूरकडच्या महर्षींचे शिष्य अमेरिकेत निवडणुका लढवत होते, आणि समूहानं ध्यान केलं की गुन्हे कमी होतात हा त्यांच्या प्रचाराचा मुद्दा होता.

राष्ट्राध्यक्षपदाला तीनदा जॉन हॅगलिन, हार्वर्डचा भौतिकशास्त्रातला डॉक्टर. जोडीला १९९२ आणि १९९६ मध्ये माइक टॉम्पकिन्स, २००० मध्ये नॅट गोल्डहेबर. २००० ची मजा वेगळीच. पेरोच्या रिफॉर्म पक्षात फूट पडली, एका गटानं या ध्यानवाल्यांना उभं केलं, दुसऱ्यानं कट्टर उजव्या पॅट ब्यूकॅननला. सरकारी निधी १.२६ कोटी डॉलर कुणाला, यावर भांडण. ब्यूकॅननला मिळाला. आणि त्याची जोडीदार कोण? एझोला फॉस्टर, लॉस एंजलिसची निवृत्त काळी शिक्षिका. त्याच्या सभांना येणाऱ्या काही मंडळींचे चेहरे बघायला हवे होते.

शंकासुर

घड्याळ, मशाल, धनुष्यबाण प्रकरणं पाहिलेल्या माणसाला यात नवल काय. पण हे दोन घुमट बघायला आवडतील.

मिनेसोटाची_मावशी

आमच्याकडच्या विनोना लाड्यूक राहिल्या की! ओजिब्वे या मूलनिवासी जमातीच्या, व्हाइट अर्थ राखीव क्षेत्रातल्या. १९९६ आणि २००० मध्ये राल्फ नेडरबरोबर ग्रीन पक्षातर्फे उपाध्यक्षपदासाठी. जंगली तांदूळ आणि तेलाच्या पाइपलाइनी हे त्यांचे आयुष्यभराचे विषय. आमच्या इथे शेतकरी बाजारात तो तांदूळ मिळतो. काळा, लांब, शिजायला पाऊण तास. मी एकदा त्याची खिचडी केली होती, मुलांनी ताट सरकवलं.

पण सांगायचं ते पुढचं. २००० मध्ये फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकला आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष झाला, नेडरला तिथे ९७,००० च्या वर मतं होती, त्यामुळे अजूनही काही डेमोक्रॅट या जोडीचं नाव काढलं की दात खातात. निर्वाचक मतं मात्र शून्य. आणि २०१६ मध्ये, बाई उभ्याही नसताना, वॉशिंग्टन राज्यातल्या एका निर्वाचकानं क्लिंटनला मत द्यायचं सोडून राष्ट्राध्यक्षपदासाठी फेथ स्पॉटेड ईगल या मूलनिवासी कार्यकर्तीला आणि उपाध्यक्षपदासाठी लाड्यूकना मत दिलं. तोही मूलनिवासीच. १,००० डॉलर दंड झाला त्याला. लढल्या तेव्हा मिळालं नाही, घरी बसल्या तेव्हा मिळालं.

जुनी_पेटी

मावशी, निर्वाचकांचा विषय काढलाच आहे तर टोनी नेथन. ओरेगनची बाई. १९७२ मध्ये लिबर्टेरियन पक्ष नुकता जन्मलेला, राष्ट्राध्यक्षपदाला जॉन हॉस्पर्स हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. पत्रिकेवर नाव फक्त दोन राज्यांत, कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन. देशभरात मिळून ४,००० च्या आत मतं. आमच्या सोसायटीच्या फेडरेशनला जास्त पडतात. पण व्हर्जिनियातला रिपब्लिकन निर्वाचक रॉजर मॅकब्राइड निक्सनला मत द्यायला गेला आणि हॉस्पर्स-नेथनला देऊन आला. अमेरिकेच्या इतिहासात निर्वाचक मत मिळालेली पहिली स्त्री कोण, तर ही. पुढच्या खेपेला पक्षानं मॅकब्राइडलाच राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट दिलं.

बे_एरियाकर

म्हणजे क्रॉस व्होटिंग करा, तिकीट मिळवा. हे तर फारच ओळखीचं.

चेडर

विस्कॉन्सिनकर इथे हजर. आमचं प्रकरण टाकल्याशिवाय धागा पुरा होणार नाही. २०२०, ग्रीन पक्ष, हॉवी हॉकिन्स आणि अँजेला वॉकर. आमच्याकडे २,००० वैध सह्या लागतात. सह्या जमवायचं काम चालू असतानाच वॉकर बाईंनी साउथ कॅरोलायनात घर बदललं. झालं! काही कागदांवर जुना पत्ता, काहींवर नवा. कुणीतरी हरकत घेतली, एका पत्त्याचे कागद धरले नाहीत आणि आकडा २,००० च्या खाली आला. प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टात. ४ विरुद्ध ३ नं निकाल: आता फार उशीर झाला, पत्रिका पाठवायची वेळ आली. गेला पक्ष बाहेर.

बायडन आमचं राज्य २०,००० च्या थोड्या वरच्या फरकानं जिंकला. ग्रीन असते तर काय झालं असतं यावर आमच्या ऑफिसात तेव्हा दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. मी त्यात पडलो नाही. पण उपाध्यक्षपदाच्या उमेदवारानं घर कधी बदलावं, हा प्रश्न मला त्याआधी कधी सुचला नव्हता.

खारीबिस्किट

वाचतेय. अवांतर: २०२४ मध्ये शिवा अय्यादुराईही राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते ना, ‘ईमेल मी शोधला’वाले? जन्म मुंबईतला, जन्मानं अमेरिकन नाहीत, म्हणजे घटनेनुसार अपात्रच. जोडीला क्रिस्टल एलिस. इथे वरचं नाव अपात्र आणि खालचं पात्र, असा उलटा मामला.

जुनी_पेटी

@खारीबिस्किट, तसं सोशलिस्ट वर्कर्स पक्षवाल्यांनी अनेकदा केलंय. १९७२ मध्ये त्यांची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार लिंडा जेनेस ३१ वर्षांची आणि उपाध्यक्षपदाचा अँड्र्यू पुली विशीतला. ३५ ची अट दोघांनाही लागू. नियम माहीत नव्हता असं नाही, नियमाला किंमत द्यायची नव्हती. काही राज्यांत मग पात्र माणसांची नावं घालून वेळ मारून न्यायची. म्हणजे डमीचा डमी.

घाटावरचा

आता माझा आवडता नमुना. ग्लेन टेलर, आयडाहोचा सिनेटर. आधी गावोगाव तमाशासारखा फिरता नाट्यसंच चालवायचा, बँजो वाजवून गायचा. निवडणुका हरत होता. डोक्यावर केस नाहीत हे कारण असावं असं त्याच्या मनानं घेतलं. मग यानं अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा साचा करून घरीच टोप बनवला, तो घालून १९४४ मध्ये उभा राहिला आणि आला निवडून! वॉशिंग्टनमध्ये घर मिळेना म्हणून कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर बायकापोरांसह बसून बँजोवर गाऱ्हाणं गायला.

इथवर विनोदी. १९४८ मध्ये हेन्री वॉलेसबरोबर प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे उपाध्यक्षपदासाठी उभा राहिला (जॉर्ज नव्हे, हा हेन्री, पार उलट्या टोकाचा). १ मे ला अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये काळ्या तरुणांच्या परिषदेत भाषण. गोऱ्यांसाठी वेगळं दार ठेवलेलं. पोलीस त्या दाराकडे बोट दाखवतायत, हा काळ्यांच्या दारातून आत निघाला. विद्यमान सिनेटरला तिथल्या तिथे धरून पोलीस ठाण्यात नेलं. पोलीस खात्याचा प्रमुख बुल कॉनर, तोच ज्यानं १५ वर्षांनी मुलांच्या मोर्चावर कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडले.

त्या जोडीला ११ लाखांच्या वर मतं पडली, निर्वाचक मत एकही नाही. १९५० मध्ये सिनेटची जागाही गेली. मग टेलरनं काय केलं? कॅलिफोर्नियात जाऊन टोपांचा धंदा काढला. ‘टेलर टॉपर’ नावानं. चांगला चालला म्हणे.

चिंगी७

अॅल्युमिनियमच्या साच्यावर अडकलेय मी.

शंकासुर

बरं, हरलो. टेलरसाठी मी मत दिलं असतं. टोपासाठी नव्हे, दारासाठी. @बे_एरियाकर, तुम्ही त्या पत्रिकेवर कुणाला दिलंत हे नाही विचारत, पण काकू परत कधी गेल्या?

बे_एरियाकर

नोव्हेंबरात गेली. सांगलीत सगळ्यांना सांगत होती, आमच्या पोराच्या मतपत्रिकेवर गाणारा उभा होता.

२०२४ मध्ये तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा पत्रिका परत टेबलावर होती. म्हणाली, त्या पक्षात या वेळी कोण बघ. अमेरिकन इंडिपेंडंट पक्षापुढे रॉबर्ट केनेडी ज्युनियर आणि निकोल शॅनहन. मी तिला सांगितलं की यांनी ऑगस्टमध्येच प्रचार थांबवून ट्रंपला पाठिंबा दिलाय, पण आपल्या राज्यात नावं तशीच राहिलीत.

तिनं चष्मा कपाळावर सरकवला. "मग या खेपेला दोघंही डमी," म्हणाली, आणि मेथी तिकडे काय भाव मिळते ते विचारलं.